तत्रैव

एका संदर्भाचे सात रुपये घेते मी.
पोर्तुगीज असेल तर दहा.
त्यांच्या अक्षरांना वर लाटा, खाली शेपट्या,
म्हापशाच्या या गल्लीत त्या दुसऱ्या कुणाला टाकता येत नाहीत.

आडनाव आधी. स्वल्पविराम. नावाचं एकच अक्षर. टिंब.
कंसात साल. ग्रंथाचं नाव तिरकं.
माणूस जन्मभर ताठ जगलेला असो,
त्याचं पुस्तक तिरकंच.

आज कुंकळकर सरांचा लेख, खाजन शेतीवर.
एकशे बारा संदर्भ, मुदत सोमवार.
कायतान दे सौझा
द मध्ये घालू की स मध्ये?
त्याचा भाऊ स्वतःला डिसोझा लिहितो,
घर एकच असणार, विहीरही एकच,
यादीत मात्र दोघांच्या मध्ये अकरा परके.
प्रकाशनस्थळ कुठे नोव्हा गोवा, कुठे पंजीम, कुठे पणजी.
शहर जागचं हललेलं नाही.
मी तिन्ही ठेवते.
१९०७ च्या अहवालाला पृष्ठांक सापडेना,
कसरीने खाल्लेली जागा झेरॉक्समध्ये काळी उमटली आहे.

'मानस' शब्दापुढे यंत्र
मानसशास्त्राचे तीन ग्रंथ सुचवतं.
नको रे बाबा.
मानस म्हणजे पाण्याचं दार.
भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं,
खारं बाहेर ठेवतं.
त्याला मन नसतं, राखणारा असतो.

तळटीप अठ्ठेचाळीस:
माहितगार क्र. ४, पुरुष, वय ७१, कामुर्ली.
एकोणपन्नास: तत्रैव.
पन्नास: तत्रैव.
एक्कावन्न

कामुर्लीत मानस राखणारा एकाहत्तरचा पुरुष
एकच होता.
नव्या भाताचा पहिला घास जिभेवर धरून
सांगायचा, यंदा बांध कुठे फुटला होता.
सर आले होते खरे, पांढरे बूट घालून.
आईने त्यांना पेज वाढली म्हणे.
मी तेव्हा इथेच,
कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका जुळवत.

माहितगाराची ओळख झाकावी, त्याच्या हितासाठी,
असं नियमावलीत आहे, परिशिष्ट तीन.
बाबुसो शिरोडकर गेला
चवथीच्या आधी चार दिवस.
आता त्याचं हित कशात, परिशिष्टात नाही.

तळटीप बावन्न:
मानशीची दारं सागवानाची असतात (तत्रैव).

नाही.
"सागाक खारें उदक सोंसना बाये, माट्टी जाय,"
म्हणत तो फळीवर बोटाची पेरं वाजवायचा
आणि मला कान लावायला सांगायचा.
चांगली फळी ठक्क बोलायची.
वाईट फळी विचार करायची.

मी सागवान खोडलं, माट्टी लिहिलं.
मला पैसे स्वल्पविरामांचे मिळतात,
झाडांचे नाही, हे ठाऊक असून.

साडेनऊला सरांचा निरोप:
'बदल पाहिला. बरोबर वाटतो. पण संदर्भ?'

शेजारच्या पदेराने शटर ओढलं.
पडद्यावरची उभी रेघ दिसते, नाहीशी होते, दिसते.
व्यक्तिगत संभाषण चालतं, पण तारीख हवी.
कुठली घालू?
मी सात वर्षांची होते, गुडघ्यापर्यंत चिखल होता,
तारखेचं कुणी बोललंच नाही.

लिहिलं: शिरोडकर, बा.
थांबले. पुढे लिहिलं: आणि इतर.

'आणि इतर' लिहायला किमान तिघं लागतात.
मोजले.
तो, मी,
आणि ती फळी.

पाठवून दिलं. सर ठेवतील की उडवतील,
मंगळवारी कळेल.
बिल मात्र एकशे बारांचंच केलं.